डिस्क फेकायच्या नाहीत

२ फेब्रुवारी, रविवार

भर सभेत ह्यांनी मला खाली बसवलं! "मंजू, बस. एवढं काही नाही त्यात." एवढं काही नाही म्हणे!

भोपाळातल्या आमच्या मराठी मंडळाची शाहपुऱ्याची जागा सोडायची आहे. नवी जागा लहान, कपाट मावणार नाही. म्हणून गिरीश डबीरने — सेक्रेटरी झाल्यापासून हा माणूस चहासुद्धा ठराव मांडून पितो — सुचवलं की कपाटातल्या सगळ्या सीडींचं एमपीथ्री करून घ्यायचं, एका पेन ड्राइव्हवर बसवायचं, सगळ्यांच्या फोनवर पाठवायचं आणि डिस्क भंगारात द्यायच्या. लोक माना डोलावत होते. जसे काही चिवड्याचे रिकामे डबे टाकायचेत!

त्या डिस्कमध्ये मंडळाच्या गणेशोत्सवातलं इतक्या वर्षांचं गाणं आहे. आधी टेपवर, मग डिस्कवर, सगळं ह्यांनी स्वतः रेकॉर्ड केलेलं. रेडिओ केंद्रातली ड्यूटी संपवून यायचे आणि स्टेजच्या कडेला मांडी घालून बसायचे. वायरी मी धरलेल्या आहेत. आणि मंदाकिनीबाई! राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आल्या, दिवसभर फायली उपसायच्या आणि संध्याकाळी असं गायच्या की बाहेर उभे असलेले रिक्षावाले आत यायचे. त्यांची एक कॅसेट कधी कुठल्या कंपनीने काढली नाही. बाई गेल्या. आवाज राहिला तो त्या कपाटात, घरच्या एखाद्या प्रतीखेरीज बाकी कुठेही नाही.

गिरीशने विचारलं ते ह्यांनाच. "अच्युतराव, तुम्ही रेडिओतले. तुमच्या कानापुढे आम्ही काय बोलणार. एमपीथ्रीने काही फरक पडतो का?"

आणि हे म्हणाले, "नाही. काही फरक पडत नाही."

मी उठले आणि म्हटलं, पडतो. मग मला बसवण्यात आलं. बसले, पण गप्प बसले नाही. विरोध नोंदवा म्हटलं. गिरीशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आमच्या मंडळाची जुनी पद्धत आहे — ठराव एकमतानेच व्हायचा. एकाचा जरी विरोध असला तरी पुढच्या सभेवर ढकलायचा. परक्या गावात आपली माणसं तुटू नयेत म्हणून कुणीतरी शहाण्याने घातलेली पद्धत. तेवीस तारखेवर गेलं प्रकरण.

घरी आलो. पिठलं केलं, मुद्दाम तिखट. ह्यांनी निमूट खाल्लं.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहाला विचारलंच. असं कसं म्हणालात? तर म्हणे, "अगं, लोक फोनवर ऐकतात आता. डिस्क घालून बसतंय कोण?"

मी बसते! मी काय लोकांत मोडत नाही?

हे बोलले ह्याचंच नवल वाटतंय. ह्या माणसाने एकदा स्टुडिओतलं चालू रेकॉर्डिंग थांबवलं होतं, तबलजीच्या खिशातली किल्ली वाजते म्हणून. सगळे म्हणाले किल्लीबिल्ली काही ऐकू येत नाही. खिशातून किल्ली निघाली. लग्नानंतर मला तंबोरा ऐकायला ह्यांनीच शिकवलं. नुसती तार ऐकू नको, म्हणायचे, तारेच्या वर ते मधमाश्यांसारखं उठतं ते ऐक. त्याला जवारी म्हणतात. मला कित्येक दिवस ऐकूच यायची नाही. मी कारखान्याच्या टेस्टिंगमधली बाई, मीटरचा काटा हलला तरच विश्वास ठेवणारी! एका संध्याकाळी अचानक ऐकू आली, आणि मग काय, कुकरच्या शिट्टीतही सूर दिसायला लागले.

आणि आता हेच म्हणतात, फरक नाही. मवाळ झाले म्हातारपणी, दुसरं काय. गेल्या वर्षी गिरीशने शाल-श्रीफळ दिलं तेव्हापासून त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

गिरीशने ग्रुपवर नमुना टाकलाय. मंदाकिनीबाईंची भैरवी, एमपीथ्री. खाली लिहिलंय, 'ऐका, किती सुरेख! अगदी ओरिजिनल.' त्याच्यावर सतरा जणांचे अंगठे आणि हात जोडलेले.

तीच भैरवी माझ्याकडे डिस्कवर आहे, ह्यांनी घरासाठी काढलेली प्रत. दुपारी दोन्ही लावल्या. फोनच्या टिचभर भोंग्यावर नाही — मी एवढी लबाड नाही. फोनला वायर जोडली, तोच अॅम्प्लिफायर, तेच स्पीकर. आवाजही सारखा करून घेतला, कारण मोठं वाजतं ते नेहमीच जास्त गोड लागतं, त्यात भलेभले फसतात.

बाईंचा आवाज ठीक आहे. कबूल. पण जवारी? जवारीची पार कणीक मळून टाकलीय. मागे टाळ आहे, डिस्कवर टाळ वाजतो आणि मग विरत जातो, इथे विरताना खळखळतो, पाण्यात पडल्यासारखा. आणि शेवटच्या टाळ्या! टाळ्या कसल्या, भजी तळतायत कुणीतरी.

ह्यांना हाक मारली. म्हटलं ऐका. ऐकलं. "छान आहे की," म्हणाले आणि बागेत पाणी घालायला गेले.

८ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या प्लेयरचा ट्रे अडकतो हल्ली. बोटाने ढकलावा लागतो. माझ्या पगारातून घेतलेला, इंदूरहून मांडीवर ठेवून आणलेला. तो बसला तर सगळंच बसलं, म्हणून दुसरा बघायला जवाहर चौकात गेलो.

तीन दुकानं पालथी घातली. सीडी प्लेयर म्हटल्यावर पोरं असं बघतात की मी पाटा-वरवंटा मागतेय. एकाने वरच्या फळीवरून एक डीव्हीडी प्लेयर काढला, धूळ झटकली, आणि बोलायला लागला ह्यांच्याशी. प्रश्न मी विचारतेय, उत्तर ह्यांना! शेवटी ह्यांनाच म्हणतो, "सर, मैडम को समझाइए, अब ये सब कौन सुनता है." मी म्हटलं, मैडम सुनती है, आप सर को छोड़िए, डिस्क लगाइए.

बरोबर नेलेली डिस्क लावली. बाजारातली छापील डिस्क वाजली. आमची, म्हणजे घरी कॉम्प्युटरवर काढलेली, तिच्यावर नुसता फिरत राहिला, फिरत राहिला, आणि 'नो डिस्क'. दुसऱ्या दुकानातल्या यंत्राने डिस्क घेतली, पण आवाज असा चपटा जसा भिंतीपलीकडून रेडिओ लावलाय. शिवाय गाण्यात स्वतः घरघरतो. नको म्हटलं. आपला ट्रे बोटाने ढकलू.

पण एक गोष्ट मनात रुतली. घरी काढलेल्या डिस्कचं आयुष्य तेवढंच असतं. मंडळाच्या कपाटातल्याही आज ना उद्या 'नो डिस्क' म्हणणारच. म्हणजे नुसतं 'फेकू नका' म्हणून भागायचं नाही. उतरवायच्या तर आहेतच, पण एकदाच आणि नीट. एमपीथ्री करून मूळ फेकून दिलं की जे गेलं ते ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणता येणार नाही. हे गिरीशला कोण सांगणार? गाढवाला गुळाची चव काय!

९ फेब्रुवारी, रविवार

स्वरदा आलीय इंदूरहून. लेकीला चहा द्यायच्या आधी कामाला लावली. "आई, तू ना, हद्द करतेस यार," म्हणाली, पण लॅपटॉप काढला. डिस्क वाचायचा बाहेरचा ड्राइव्ह शेजारून आणला. एकाच भैरवीच्या तिने वेगवेगळ्या प्रती केल्या. मला न सांगता एकेक लावायची, मी ओळखायचं.

निकाल लिहून ठेवते, लबाडी नको. गिरीशवाली हलकी एमपीथ्री दर वेळी ओळखली, डोळे मिटून, एकदाही चुकले नाही. भारी एमपीथ्री, म्हणजे फाइल मोठी असते ती, कधी ओळखली कधी नाही. तिथे माझी मिजास चालली नाही. आणि फ्लॅक नावाची एक जात आहे, तिच्यात काही गाळत नाहीत, कपडे घडी करून बॅगेत भरावेत तसं नुसतं दाबून भरतात आणि उघडलं की होतं तसं. फ्लॅक आणि डिस्क ह्यांत मला तसूभर फरक कळला नाही. स्वरदा म्हणाली, कळणारच नाही, कारण तो नाहीच आहे.

म्हणजे उत्तर हातात आहे की! सगळं फ्लॅकमध्ये उतरवा, नीट ऐकत ऐकत, कुठे डिस्क अडखळते ते बघत. फोनवर पाठवायला हवी तेवढी एमपीथ्री करा मग त्यावरून. आणि डिस्क? त्याही ठेवा. मूळ ते मूळ.

ह्यांना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं हे काम तुमच्याशिवाय कोण करणार. एकदम चिडले. "मला नाही सांगायचं कुणी. मी काय नोकरीला आहे मंडळाच्या?" ताट तसंच टाकून उठले. स्वरदा माझ्याकडे बघतच राहिली.

चिडा. मीही काही कमी नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गिरीशला फोन करून आव्हान दिलं! तेवीसला, ठरावाच्या आधी, सगळ्यांसमोर परीक्षा. पडद्यामागे स्वरदा, पुढे सगळं मंडळ. डिस्क कुठली नि एमपीथ्री कुठली ते ओळखायचं. पहिल्या खुर्चीवर अच्युतराव. त्यांनी 'फरक नाही' म्हटलंय ना, मग त्यांच्याच कानाने होऊ दे निकाल. ह्यांना प्रत्यक्ष ऐकवलं की 'फरक नाही' म्हणणं ह्यांच्या जिवावर येईल, मला माहीत आहे. गिरीश जाम खूश. मंडळात बऱ्याच दिवसांत कार्यक्रम झाला नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांना सांगितलं. जेवले नाहीत नीट.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्वरदा पुन्हा आली. म्हटलं रंगीत तालीम करू. हे म्हणाले, मला बँकेत जायचंय. शनिवारी दुपारी कसली बँक! हाताला धरून बसवलं.

सुरुवातीला बरोबर यायला लागले. पहिलं बरोबर, दुसरं बरोबर. मी म्हटलं बघा, येतंय की! मग लक्षात आलं. उत्तर द्यायच्या आधी हे माझ्या तोंडाकडे बघत होते. जवारी आली की माझा चेहरा बदलतो म्हणे, स्वरदा सांगते. कॉपी! ह्या वयात कॉपी! मी उठून भिंतीकडे तोंड करून बसले.

त्यानंतर एकही बरोबर नाही. एकही! हलकी एमपीथ्री जरा मोठ्याने लागली तर ठासून म्हणाले, "ही ओरिजिनल." मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या वाजवल्या. म्हटलं, रेडिओवाले, हरलात! स्वरदानेही हसून घेतलं. हे पण हसले जरासे, मग चष्मा पुसत बसले.

मी मात्र आज भलतीच खूश आहे. लिहून ठेवते — मंजूषा विजयी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काय लिहू.

सकाळी लाइट गेले. आमच्या बागसेवनियात हे रोजचंच झालंय. इन्व्हर्टर पॅसेजमध्ये आहे, भिंतीला. त्याच्या खालीच ह्यांची खुर्ची, पेपर वाचायची. बॅटरी उतरली की इन्व्हर्टर बारीक आवाजात ओरडतो, पीं पीं पीं, डोकं उठतं. मला स्वयंपाकघरातून, मिक्सरशेजारून ऐकू आला. म्हटलं हे बंद करतील. करेनात. ओरडतच राहिला तो. तणतणत बाहेर आले.

हे पेपर वाचत होते. कानापासून हातभर अंतरावर ते यंत्र कोकलतंय आणि हे शांतपणे पान उलटतायत.

मी म्हटलं, अहो. लगेच वर बघितलं, माझा आवाज नीट ऐकू आला. "काय गं?" मी म्हटलं वाजतंय ना. तर आजूबाजूला बघितलं, खिशातून फोन काढून बघितला, आणि म्हणाले, "नाही. कुणाचा फोन नाही."

मी पुढे होऊन बटण दाबलं. म्हटलं, काही नाही, कुकर.

मग आत आले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. परवा माझ्या तोंडाकडे बघत होते. कॉपी म्हणाले मी. टाळ्या वाजवल्या मी! ते चष्मा पुसत बसले होते आणि मी विजयी म्हणून लिहून ठेवलं. माझ्या हाताला काय झालं होतं.

बोलणं ऐकू येतं. दार, भांडी, मी, सगळं ऐकू येतं. वरचंच गेलंय फक्त. जवारी गेली, टाळ गेला. ज्या कानाने खिशातली किल्ली पकडली, तो गेला आणि ह्यांना पत्ताही नाही! कुणी सांगणार तरी कसं, जे ऐकू येत नाही ते ऐकू येत नाही हे माणसाला कळावं कसं?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मी टेस्टिंगमधली. खात्री केल्याशिवाय चैन नाही. फोनवर बारीक स्वर वाजवायचं एक अॅप असतं, ते घेतलं. हे सकाळी आरशासमोर दाढी करत होते, मी मागे उभी राहून लावलं. आधी खालचा स्वर, तेव्हा मान हलली. मग वर नेत गेले. एका जागेनंतर काही नाही. माझ्या कानात सुई घुसतेय आणि हे गालाला साबण लावतायत.

चोरासारखं वाटलं. अॅप काढून टाकलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गिरीशला फोन केला. म्हटलं परीक्षा राहू दे, उगाच लोकांचा वेळ. तर म्हणाला, वहिनी, आता कसं राहू दे, सगळ्यांना कळवून झालं, नागपूरचे पाहुणे येतायत, कमलिनीताई साबुदाणा वडे करणार आहेत. मी म्हटलं निदान ह्यांना खुर्चीवर बसवू नका, पाठ दुखतेय त्यांची. हसला. "वहिनी, अच्युतराव नसतील तर मजाच काय? रेडिओचा कान आहे तो. ते जे म्हणतील ते फायनल."

हात दाखवून अवलक्षण! मीच बसवलं ना त्या खुर्चीवर. सगळ्या मंडळासमोर भजी तळल्याच्या आवाजाला हे 'ओरिजिनल' म्हणतील आणि लोक हसतील. मी हसले तसेच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

एकटीच शाहपुऱ्याला गेले. गिरीशकडून किल्ली घेतली, नमुने निवडायचेत म्हणून सांगितलं. कपाट उघडलं. प्रत्येक डिस्कवर ह्यांचं अक्षर, आणि नुसतं गाणाऱ्याचं नाव नव्हे. माइक तंबोऱ्यापासून किती लांब, पंखे बंद होते का, पहिल्या रांगेत कुणाचं पोर खोकत होतं. एकावर लिहिलंय, 'दुसऱ्या तंबोऱ्याची जवारी मंजूने लावून दिली.' मी विसरूनच गेले होते.

गिरीशला म्हटलं, परीक्षा नको, ठराव नको, ह्या सगळ्या आमच्या घरी नेते, पलंगाखाली ठेवते. म्हणाला, मंडळाची मालमत्ता घरी नेता येत नाही, त्याला वेगळा ठराव लागतो, तोही एकमताने. आणि शाहपुऱ्याची जागा महिनाअखेर सोडायचीय, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.

मंदाकिनीबाईंची एक डिस्क पर्समध्ये घातली. दुसऱ्या एका वर्षीची, आमच्या घरी नाही ती. चोरी म्हणा. म्हणा खुशाल.

बाकीच्या कपाटातच राहिल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे आज गच्चीवर उन्हात बसून होते, नुसतेच. विचारलं, परवा जायचं ना? म्हणाले, तू म्हणशील तसं.

इतकं मऊ कधी बोलत नाहीत. मला रडूच आलं. कांदा चिरून आलेय म्हणून सांगितलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं.

खूप उलटसुलट करून पाहिलं. विरोध कायम ठेवला तर परीक्षा होणार. परीक्षा झाली तर हे खुर्चीवर बसणार. परीक्षा टाळायची तर एकच वाट, विरोध मागे घ्यायचा. वाद नाही तर निवाडा कशाचा? विरोध मागे घेतला की ठराव एकमताने, आणि डिस्क भंगारात.

म्हणजे डिस्क तरी जातील नाही तर हे तरी. आता ह्यात निवडायचं काय आहे?

मंदाकिनीबाई, माफ करा. तुमची एक वाचवली. बाकीच्यांची मला लाज आहे. पण ह्या भोपाळमध्ये आमचं नाव जे काही आहे ते ह्यांच्या कानाचं आहे. बदली होऊन आलो तेव्हा ओळखीचं कुत्रं नव्हतं. कुणी घरी बोलावलं ते 'रेडिओतले अच्युतराव' म्हणून. माणूस सत्तरीला आलाय. त्याचं तेवढंच आहे. ते चव्हाट्यावर मी नाही जाऊ देणार, आणि तेही माझ्या हट्टापायी!

गिरीश दात काढेल. काढू दे. लोक म्हणतील, वहिनींची उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणू दे. माझी मान खाली गेली तर मोडत नाही, जाडजूड आहे. हरायचं तर मी माझ्या मर्जीने हरेन, कुणी हरवायच्या आधी. ह्यांना काही कळू द्यायचं नाही. जन्मभर नाही.

निळी साडी इस्त्री करून ठेवलीय. रडवेली जाणार नाही, नटून जाईन.

२३ फेब्रुवारी, रविवार

पडदा लागायच्या आधीच उठले. म्हटलं माझी चूक झाली, काही फरक पडत नाही, विरोध मागे घेते. गिरीशने ठराव वाचला आणि अनुमोदनासाठी ह्यांचं नाव घेतलं.

हे उभे राहिले. मग म्हणाले, "ही खोटं बोलतेय. तिला कळलंय, म्हणून बोलतेय. मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. रिटायर व्हायच्या आधीच गेले. डिस्क नीट उतरवायच्या ठरल्या असत्या तर काम माझ्याकडे आलं असतं आणि सगळ्यांना समजलं असतं, म्हणून मी म्हटलं फरक नाही. फरक आहे. ते काम हिला द्या."

ठरावाला ह्यांनीच विरोध नोंदवला. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलंय. वडे कुणाच्या घशाखाली उतरेनात.

माहीत होतं ह्यांना! इतकी वर्षं एकट्याने! वाटेत मी नुसती धुमसत होते. रिक्षात नेहमीसारखी ह्यांच्या उजवीकडे बसले, तर ह्यांनी हात धरला.

"ह्या बाजूला ये," म्हणाले. "डावा कान अजून जरा बरा आहे."